तराजूच्या पेटीवर

फाल्गुनातली सकाळ होती. बोरगव्हाणच्या पाटलांच्या बैठकीतून चौथ्यांदा चहाची हाक आली, तेव्हा मथुराबाईंनी चुलीवरचे आधण उतरवून ठेवले.

"आता चहा बंद," त्यांनी सुनेला, लीलाबाईला, सांगितले. "शेठच्या माणसाईनं साखरेचा डबा खाली केला. मत मागाले आले का वरातीले आले?"

लीलाबाई पदरात हसली. एवढ्यात मथुराबाईंचा मुलगा मारोतराव स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तो इथवर येत नसे. काही मागायचे असले की येई.

"माय, उद्या मतदान हाय. बायाईसाठी चार बैलबंड्या जुपतो. तू फकस्त त्याईले एवढं सांग का शिडीच्या पेटीत टाका."

"बंड्या जुप. बाया नेणं माह्याकडे."

"आन् शिडी?"

"शेठनं तुह्या बायकोचं बाळंतपण केलं का?"

मारोतरावाने खाली पाहिले. बैठकीतून हसण्याचा आवाज आला. तो आला तसाच परत गेला. आईचा नकार हा नकारच असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

सत्तावन्न सालची विधानसभेची निवडणूक होती ती. एका बाजूला दिग्रसच्या जिनिंगचे मालक रामलालशेठ, चिन्ह शिडी. माणूस वाईट नव्हता. मारोतरावाचा कापूस वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच जाई, म्हणून बोरगव्हाणच्या मतदानाचे सारे त्याने अंगावर घेतले होते. दुसऱ्या बाजूला प्रभावतीबाई. दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षे नर्स आणि सुईण म्हणून त्यांनी काम केले होते आणि दीड महिन्यापूर्वी राजीनामा देऊन उमेदवारीचा अर्ज भरला होता. त्यांचे चिन्ह तराजू. मारोतरावाचे मित्र हसत म्हणाले होते, की तराजू तर व्यापाऱ्याला शोभतो, नर्सबाईला चिन्हसुद्धा शेठचेच मिळाले. मथुराबाईंना मात्र ते चिन्ह ऐकून तीन वर्षांमागचा एक दिवस आठवला होता, आणि तेव्हापासून त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते.

भाद्रपद होता. अरुणावतीला तीन दिवसांपासून पूर होता आणि लीलाबाई दोन दिवसांपासून अडली होती. गावची सुईण शकुबाई हात टेकून बसली. अशा वेळी भर दुपारी डोंग्यातून नदी ओलांडून, कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर पेटी घेतलेली एक बाई पाटलांच्या पुढच्या दारात उभी राहिली. ती डोमाजीची लेक, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, नागपूरला शिकून आलेली. मथुराबाई उंबऱ्यात आल्या. आत सून तळमळत असताना, दारात देवासारखी आलेली मदत उभी असताना, त्यांनी बोट दाखवून सांगितले, "मागच्या दारानं."

प्रभावतीबाईंनी डोक्यावरची पेटी सावरली. गोठ्याच्या चिखलातून वळसा घालून मागच्या दाराने आत गेल्या आणि दिवस मावळेपर्यंत लीलाबाईच्या उशापायथ्याशी राबल्या. मूल आले ते निळे, न रडणारे. तेव्हा त्यांनी त्या मुलाच्या तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याच्यात घातला. ज्या बाईच्या हातचे पाणी त्या घरात चालत नव्हते, तिच्या श्वासावर त्या घराचा नातू रडला.

मग त्यांनी पेटीतून काटा काढला, फडक्याची झोळी केली आणि मूल तोलायला घेतले.

"अवो, लेकरू काय कापूस हाय तोलाले? नजर लागन!" मथुराबाई ओरडल्या.

"चार पौंड," प्रभावतीबाई काट्याकडे पाहत म्हणाल्या. "कापूस असता तर परत पाठवला असता, पाटलीणबाई. पण हा राहील. दर आठ दिवसांनी तोलीन. वजन वाढलं तर मी खरी, नाही वाढलं तर तुमची नजर खरी."

वजन वाढले. मात्र त्याआधी पाचवीचा दिवस आला. सुइणीला रिकाम्या पदराने परत पाठवायचे नाही, हा रिवाज मथुराबाईंच्या सासूपासूनचा. त्यांनी खण, नारळ, ज्वारी काढली. त्या पायरीवर उभ्या होत्या आणि प्रभावतीबाई खाली अंगणात पदर पसरून. शिवाशिव नको म्हणून मथुराबाईंनी सारे वरून टाकले. खण पदरात पडला. नारळ पदराच्या काठाला लागून चिखलात घरंगळला. प्रभावतीबाई वाकल्या, नारळ उचलून पुसला, पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, "बाळाला उद्यापासून कोवळं ऊन दाखवा." त्या गेल्यावर अंगणात सडा घालण्यात आला. तोही रिवाजच होता. ते वाकणे मात्र कोणत्याही सड्याने गेले नाही. मथुराबाईंनी ते कोणाला सांगितले नाही. त्यांच्यासारखी बाई असले काही सांगत नसते.

आता त्याच प्रभावतीबाई मते मागत गावोगाव पायी फिरत होत्या. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांनी पती धर्मपाल यांच्यासह धम्मदीक्षा घेतली होती. बोरगव्हाणच्या पारावर त्या दहा मिनिटे बोलल्या. तांड्यातली जमनी अडलेली असताना बंडी नदीच्या उतारावर खोळंबली आणि ती तिथेच, आपल्या मांडीवर गेली, हे त्यांनी सांगितले. नदीच्या अलीकडे दोन खाटांची एक खोली द्या, म्हणून त्यांनी तेव्हापासून अर्ज केले होते.

"अर्ज नागपूरला गेला," त्या म्हणाल्या. "उत्तर येईपर्यंत राज्यच बदललं, मग तो मुंबईला गेला. कागद माझ्यापेक्षा जास्त हिंडून आला. म्हटलं, आता त्याच्या मागोमाग आपणच जावं."

बाया हसल्या. प्रभावतीबाई पाटलांच्या घरी मात्र आल्या नाहीत. तिथे शेठची गादी पडली होती, आणि शिवाय कोणत्या दाराने जायचे हा प्रश्न होताच. मथुराबाईंनी माडीवरून सारे ऐकले आणि मनाशी ठरवले, की या बाईला मुंबईला धाडायचे. हे देणे दुसऱ्या कशाने फिटणार नव्हते.

मतदानाच्या दिवशी चारही बंड्यांतून आणि मागोमाग पायी बाया निघाल्या. मथुराबाई पहिल्या बंडीत. ठेवणीतले लुगडे, नाकात नथ, आणि पदराखाली हळदकुंकवाचा करंडा व मूठभर ज्वारी. वाटेत मारोतीच्या देवळापुढे थांबून त्यांनी बायांना एवढेच सांगितले, "तराजूची पेटी पाहाची. दुसरीकडे पाहाचं नाई."

"पाटलीणबाई, आन् तिथं गेल्यावर काय कराचं?" शकुबाईने विचारले.

"म्या करीन तसं कराचं."

त्या काळी कागदावर शिक्का मारायची रीत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. बोटाला शाई लावून हातात चिठ्ठी मिळे. ती घेऊन पडद्याआड जायचे आणि हव्या त्या पेटीच्या फटीतून आत सोडायची. शाळेच्या दोन खोल्यांपैकी एक बायांसाठी होती. तिथला अधिकारी पुसदकडचा, अगदी तरुण आणि भिडस्त होता. बाया मत देत असताना पडद्यामागे डोकावणे त्याला अवघड वाटत होते.

मथुराबाई पहिल्या गेल्या. पडद्याआड दोन पेट्या होत्या. तराजूच्या पेटीसमोर उभे राहून त्यांनी फटीवर चिठ्ठी धरली. बोटे सैल सोडायचा अवकाश, ती आत पडली असती.

वरून टाकायची!

त्यांचा हात तिथेच थांबला. चिखलात घरंगळलेला नारळ त्यांना दिसला. पुन्हा या बाईला काही द्यायचे आणि पुन्हा ते वरून टाकायचे, हे त्यांच्या हाताला मानवेना. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी केली, ती पेटीच्या माथ्यावर दोन्ही हातांनी ठेवली, तराजूच्या चित्राला आणि चिठ्ठीला हळदकुंकू लावले, चिठ्ठीवर ज्वारीचे चार दाणे ठेवले आणि नमस्कार केला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळे वाटले. बाहेर आल्या त्या मान ताठ ठेवून.

दुसरी लीलाबाई. तिने सासूची चिठ्ठी पाहिली आणि आपली तिच्यावर ठेवली. तिसरी शकुबाई. बाहेर येऊन तिने रांगेतल्या बाईच्या कानात सांगितले, "वर ठेवाची व. पाटलीणबाईनं वरच ठेवली." ते रांगेच्या शेवटापर्यंत पोचले.

आठव्या दिवशी निकाल लागला. मारोतराव दिग्रसहून आला तो कपाळावर गुलाल घेऊन, पण पाय जड असल्यासारखा. 

"जितले तुहे शेठ?" मथुराबाईंनी विचारले.

"जितले. एकसष्ट मतानं."

"एवढ्याच?"

"माय..." मारोतरावाने टोपी काढून हातात घेतली. "आपल्या शाळेतल्या पेटीवर चौऱ्याण्णव चिठ्ठ्या सापडल्या. पेटीवर, आत नाई. तिसऱ्या पहरी साहेबानं पडदा सारला तवा दिसल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला. बाहेरची चिठ्ठी मोजता येत नाई, असा कायदा हाय. त्यानं त्या लिफाफ्यात घालून मोहोर लावली. मी तिथंच बसलो होतो."

"आन् तू बोलला नाई?"

"काय बोलू? मी शिडीवाला. तोवर बायाईचं मत देऊन झालं होतं." मग हळूच म्हणाला, "सगळ्यात खालची चिठ्ठी कोणाची असन, मले समजलं होतं. हळद तुह्याच करंड्यातली."

 ज्या बाईला मुंबईला धाडायला मथुराबाई निघाल्या होत्या, तिची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने, दोन्ही हातांनी, अडवली होती. त्या उठून आत गेल्या आणि दिवसभर त्यांच्या तोंडून एकही हुकूम निघाला नाही. घरातली माणसे घाबरली ती त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंडी जुंपायला सांगितली. दिग्रसला धर्मपालच्या घरासमोर बंडी थांबली तेव्हा वस्तीतल्या बाया दारात आल्या. पाटलांच्या घरातले बाईमाणूस त्या वाटेला कधी आलेले कोणी पाहिले नव्हते. प्रभावतीबाई अंगणात वाळवण घालत होत्या. त्या लगबगीने पुढे आल्या.

"पाटलीणबाई! लेकरू बरं आहे ना?"

"बरं हाय. गोठ्यात वासराचे कान ओढते." मथुराबाई बंडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. "मी मापी मागाले आली. तुमची चौऱ्याण्णव मतं माह्याच्यानं गेली."

माफी हा शब्द त्यांनी आयुष्यात कोणासाठी उच्चारला नव्हता. तो त्यांच्या तोंडी नीट बसलाही नाही. प्रभावतीबाईंनी घोंगडी अंथरली.

"बसा आधी."

मथुराबाई बसल्या. पाण्याचा तांब्या पुढे आला. त्यांनी तो घेतला आणि पाणी प्यायल्या, सगळे.

"मला ठाऊक आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मोजणीच्या वेळी साहेबांनी लिफाफा फोडून दाखवला. कायदा वाचून दाखवला. चूक साहेबांची नव्हती, कायद्याचीही नव्हती. पण तुम्ही सर्वांनी चिठ्ठी वर का ठेवली? फट तर समोर होती."

"फट दिसली होती मले."

"मग?"

"वरून टाकाले मन नाई झालं." मथुराबाई अंगणाकडे पाहत बोलल्या. "एक डाव टाकलं होतं."

प्रभावतीबाईंचा हात वाळवणावर थांबला.  दाराशी कोंबडी दाणे टिपत होती.

"त्या दिवशी तुमचा नारळ मी उचलला होता," प्रभावतीबाई अखेर म्हणाल्या. "या चिठ्ठ्यांना मात्र मला हात लावू दिला नाही. लांबून पाहिल्या. खालच्या हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या. एकीवर तर ज्वारीचा दाणा चिकटून आला होता. साहेबांनी त्या बाद म्हणून लिहिल्या. मी मनात मोजल्या, पाटलीणबाई. चौऱ्याण्णव बायांनी मला हातानं दिलं. अकरा वर्षांत कोणी दिलं नव्हतं. मी घरी आले ती पडून आल्यासारखी आलेच नाही, यांना विचारा."

आतून धर्मपाल म्हणाले, "दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या."

मथुराबाईंना हसू आले आणि ते लपवायला त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग त्यांनी बंडीतली पाटी उतरवून घेतली. खण, नारळ, ज्वारी. करंडा उघडला तशा प्रभावतीबाई नम्रपणे म्हणाल्या, "हळदकुंकू आता आमच्यात नाही."

"मंग?"

"नुसता हात चालेल."

मथुराबाईंनी करंडा मिटला. नारळ त्यांनी प्रभावतीबाईंच्या हातात ठेवला आणि आपला हात लगेच काढून घेतला नाही.

"एक मागणं आहे," निघताना प्रभावतीबाई म्हणाल्या. "गावातल्या बायांना हे सांगू नका. कालच मोजणीनंतर बाजारात शकुबाई भेटल्या. विचारत होत्या, बाई, माझं मत पोचलं ना? मी म्हटलं, पोचलं. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

"नाई," मथुराबाई म्हणाल्या, आणि कालपासून हरवलेला त्यांचा आवाज परत आला. "माही चूक झाकून ठेवाची नाई. झाकली तर पुढच्या डावी पुन्हा तेच करतीन. आन् दुसरं. तुमची नोकरी गेली, खोली तर झालीच नाई. आमची बैठक रिकामी हाय. रस्त्याकडची, दोन खिडक्यांची. दोन खाटा मी टाकतो. सरकार खोली देईन तवा देईन. सोमवारी या." बंडीत चढून त्यांनी मागे वळून सांगितले, "पुढच्या दारानं."

घरी येऊन त्यांनी बैठकीतल्या गाद्या उचलायला लावल्या. त्यांचे पती बापूजी पाटील पानाचा डबा सांभाळत उभे राहिले.

"आमी कुठं बसाचं?"

"पारावर. तिथं हवा बी चांगली हाय."

"आन् पाव्हणे?"

"पाव्हण्याईले बाळंत व्हाचं असन तर येऊ द्या."

मारोतराव भिंतीशी उभा होता. त्याने शेठच्या सभेसाठी आणलेली बत्ती आढ्याच्या कडीवरून काढली, कडी ओढून पाहिली आणि म्हणाला, "इथं काटा टांगता येईन. पक्की हाय." मथुराबाईंनी मुलाकडे पाहिले. त्या दिवशी त्यांनी स्वतः त्याच्यासाठी चहा ठेवला.

सोमवारी सकाळी गावच्या बाया बैठकीत जमल्या. मध्ये तेलाचा रिकामा डबा होता. बापूजींनी छिन्नीने त्याच्या माथ्यावर फट पाडली होती आणि समोर कुंकवाने तराजू काढला होता. एक पारडे मोठे झाले होते, पण तराजू ओळखू येत होता. शेजारी जुन्या पंचांगाच्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग. प्रभावतीबाई पुढच्या दाराने आत आल्या, तेव्हा मथुराबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणून सगळ्या बाया उठल्या.

"ऐका," मथुराबाई म्हणाल्या. "आपली चौऱ्याण्णव मतं मोजली नाई. चिठ्ठी आत टाकाची होती. म्या वर ठेवली, म्हणून तुमी ठेवली."

 शकुबाईने कपाळावर हात मारला. "मंग बाई पडल्या त्या आपल्याच्यानं?"

"आपल्याच्यानं नाई. माह्याच्यानं."

"माही तर मोजली असन," मागून आवाज आला. तांड्यातली बिजलीबाई होती ती, जमनीची सासू. "मी आत टाकली होती. दिग्रसले टपालाची पेटी पायली होती ना म्या. तुमच्या चिठ्ठ्या वर दिसल्या, म्हटलं पाटलीणबाई विसरली वाटते."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमाले?" बिजलीबाईने डोळे मोठे केले. "तुमाले कोण सांगन, माय?"

बाया मथुराबाईंच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मग हसल्या त्या आधी प्रभावतीबाई, पेटी हातात असतानाच. आणि मग मथुराबाई, अंग हलवून, नथ सावरत. त्यांच्यामागे अख्खी बैठक हसली.

"आतापासून सांगत जा," डोळे पुसत मथुराबाई म्हणाल्या. "हा माहा हुकूम हाय. आन् बिजली, तू इकडे ये. आज शिकवणारी तू."

बिजलीबाई घाबरत पुढे आली, पाटलांच्या बैठकीत, डब्याशेजारी बसली. "अशी धराची. सोडाची. हात लावून पाहाचं, वर तर नाई राह्यली."

पहिली चिठ्ठी मथुराबाईंनीच उचलली. फटीवर धरली. हात पुन्हा जरासा थांबला, तेव्हा त्यांनी समोर पाहिले. आढ्याच्या कडीला काटा टांगून प्रभावतीबाई वळल्या होत्या आणि त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी मान हलवली.

मथुराबाईंनी बोटे सोडली. चिठ्ठी आत पडल्याचा बारीकसा आवाज झाला.

"पडली," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "पुढची."